तलावातील महाकाय अहीर : भीती, वस्तुस्थिती आणि कर्तव्य

गावच्या जुन्या तलावात किंवा नदीच्या खोल डोहात सापासारखा लांब आणि मांडीएवढा जाड जलचर एखादे दिवशी जाळ्यात सापडतो आणि पाहता पाहता काठावर गर्दी जमते. कोणी त्याला पाणसर्प ठरवितो, कोणी डोहाचा राखणदार समजून हात जोडतो, तर कोणी हाती लागेल ती काठी घेऊन धावतो. बहुधा काठीचाच विजय होतो. वस्तुतः तो प्राणी साप नसून अहीर नावाचा मासा असतो. आणि त्याची लांबी जितकी अधिक, तितका त्याला मारण्याने होणारा तोटाही अधिक असतो. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु अहिराचा जीवनक्रम एकदा समजावून घेतला म्हणजे त्यातील तथ्य ध्यानी येण्यास अडचण पडणार नाही.

गोड्या पाण्याच्या तलावांतील असाधारण मोठ्या अहिरांविषयी जगातील अनेक देशांत कथा आणि दंतकथा प्रचलित आहेत. त्यांपैकी काहींचा शास्त्रज्ञांनी कसून तपास केला आहे. त्या तपासातून निघालेले निष्कर्ष शेतकरी, मच्छीमार सहकारी संस्था आणि गावपातळीवरील कार्यकर्ते या सर्वांच्याच उपयोगाचे आहेत.

अहीर कसा ओळखावा

अहीर हा खराखुरा मासा होय. सापाच्या अंगावर कोरडे, उघड दिसणारे खवले असतात. अहिराचे खवले अतिसूक्ष्म असून कातडीत रुतलेले असतात आणि सर्वांगावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. डोक्यामागे दोन्ही बाजूंस कल्ल्यांचे छिद्र आणि लगेच एकेक वक्षपर असतो. पाठीवरील पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली येतो आणि तेथपर्यंत अखंड राहतो. सापाला पर नाहीत आणि कल्लेही नाहीत. एवढी दोन लक्षणे पाहिली तरी संशय फिटतो.

आपल्या नद्यांत सापडणारी वाम अथवा वांब ही मासळी निराळी. तिचे तोंड निमुळते असून पुढे मांसल टोक असते आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. ती सर्वसाधारणपणे पाऊण ते एक मीटरच्या आतच राहते. कोकणच्या बाजारात वाम या नावाने विकली जाते ती तर समुद्रातील मासळी होय. नावांच्या या सरमिसळीमुळे पुष्कळदा चुकीच्या नोंदी होतात. यास्तव नावापेक्षा लक्षणांवर भर द्यावा, हे उत्तम.

भारतात खऱ्या अहिराच्या दोन जाती आढळतात. एकीच्या पिवळसर तपकिरी अंगावर गडद ठिपक्यांची नक्षी असते. दुसरी एकरंगी असते. नक्षीदार जातीचा अहीर सव्वा मीटर आणि क्वचित त्याहूनही अधिक वाढतो. ‘महाकाय’ म्हणून गावात ज्याचा बोभाटा होतो तो बहुधा हाच.

जन्म समुद्रात, आयुष्य गोड्या पाण्यात

अहीर तलावात राहतो, परंतु तलावात जन्मत नाही. ही गोष्ट माणसाला फार उशिरा उमगली. अहिराच्या पोटात अंडी कधीच दिसत नसत. म्हणून तो चिखलातून आपोआप उपजतो, असा समज प्राचीन ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल याच्या काळापासून रूढ होता. १८७६ साली, पुढे मनोविश्लेषणाचे जनक म्हणून प्रसिद्धी पावलेले सिग्मंड फ्रॉइड यांनी तरुणपणी ट्रिएस्ट येथे सुमारे चारशे अहिरांचे विच्छेदन करून नराच्या जननेंद्रियांचा शोध घेतला. पण समाधानकारक उत्तर त्यांच्या हाती लागले नाही. १८९० च्या दशकात इटालियन शास्त्रज्ञ ग्रासी यांनी समुद्रात सापडणारा एक पानासारखा चपटा, पारदर्शक डिंभ हाच अहिराचे बालरूप असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर डॅनिश शास्त्रज्ञ योहान्स श्मिट यांनी १९०४ पासून सुमारे अठरा वर्षे अटलांटिक महासागर पालथा घालून अधिकाधिक लहान डिंभांचा माग काढला, आणि १९२२ साली युरोपीय अहिराचे जन्मस्थान दूरच्या सारगॅसो समुद्रात असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. पूर्ण वाढलेले अहीर तेथवर पोहोचतात याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र पुढे शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, अझोर्स बेटांपासून सोडलेल्या खूणबद्ध अहिरांच्या प्रवासावरून मिळाला.

या कुळातील सर्व जातींचा जीवनक्रम सामान्यतः सारखाच आहे. अंडी खोल, उष्ण समुद्रात घातली जातात. डिंभ प्रवाहाबरोबर हजारो किलोमीटर वाहत येतात, किनाऱ्याजवळ त्यांचे रूपांतर काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत होते, आणि ही बोटभर पिल्ले नदीच्या मुखातून वर चढू लागतात. ओल्या खडकाला अंग चिकटवून ती धबधब्याच्या कडेने सरपटत वर जातात. पावसाळी रात्री ओल्या गवतातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याचीही अहिराची क्षमता असते, कारण कातडीतूनही तो काही अंशी श्वसन करू शकतो. विहिरीत किंवा बंदिस्त तळ्यात अहीर कसा आला, या कोड्याचा उलगडा बहुतेक वेळा येथेच होतो.

वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात राहून अंगी भरपूर चरबी साठली म्हणजे अहिराचे रूप पालटते. पाठ काळसर व पोट रुपेरी होते, डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते आणि अन्न घेणे थांबते. मग एखाद्या अंधाऱ्या, पावसाच्या रात्री तो वाढत्या पाण्याबरोबर समुद्राची वाट धरतो. तेथे एकदाच संततिनिर्मिती होते आणि त्याच्या आयुष्याची अखेर होते. ‘एकदाच’ हा शब्द शेतकरी बंधूंनी विशेष ध्यानी ठेवावा. गाय दरवर्षी वासरू देते, रोहू दर पावसाळ्यात अंडी घालते. अहिराची मादी मात्र सारे आयुष्य एका विणीसाठी भांडवल साठवीत असते. समुद्रावर पोहोचण्यापूर्वी ती मारली गेल्यास तिच्यापासून एकही पिल्लू जन्मलेले नसते.

काही अहीर एवढे मोठे का होतात

अहिराचे लिंग जन्मतः ठरलेले नसते. त्याच्या ठरण्यात परिस्थितीचा वाटा मोठा असतो. जेथे पिल्लांची दाटी असते, जसे नदीच्या मुखाजवळ, तेथे नर अधिक निपजतात. जेथे दाटी विरळ असते, म्हणजे नदीच्या वरच्या अंगास व तलावात, तेथे माद्या अधिक होतात. नराला लवकर व लहान आकारातच परिपक्व होणे पुरते. मादीला मात्र लक्षावधी अंड्यांचा भार व लांबच्या प्रवासाची शिधासामग्री अंगावर वागवावयाची असल्याने ती अधिक काळ थांबते व अधिक वाढते. सबब तलावातील असाधारण मोठा अहीर ही जवळजवळ नेहमी मादीच असते.

दुसरे कारण म्हणजे वेळ. अहिराच्या कानातील कर्णाश्म नावाच्या बारीक खड्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षागणिक वलये पडतात. ती मोजून वय काढता येते. थंड पाण्याच्या तलावात वाढ मंद असते, परंतु आयुष्य लांबते. तिसरे कारण म्हणजे अडलेली वाट. समुद्राकडे जाण्याचा मार्ग बंद झाल्यास अहीर आणखी कित्येक वर्षे तलावातच राहू शकतो.

तथापि दीर्घ आयुष्य म्हणजे प्रचंड आकार, असे समीकरण मांडता येत नाही. पूर्वी स्वीडनमध्ये नळाचे पाणी येण्याआधी विहिरीतील किडे खाऊन पाणी स्वच्छ राहावे म्हणून अहीर सोडण्याची रीत होती. ब्रांतेविक या गावातील एका विहिरीत १८५९ साली आठ वर्षांच्या एका मुलाने सोडलेला अहीर २०१४ मध्ये मृत आढळला, असे तेथील परंपरा सांगते. ही हकीकत खरी धरल्यास त्याचे वय दीडशे वर्षांच्या वर जाते. एवढे आयुष्य लाभूनही तो महाकाय झाला नव्हता. अंधाऱ्या विहिरीत जेवढे अन्न, तेवढीच वाढ. पशुपालनात जो नियम लागू पडतो तोच येथेही लागू आहे : वय वाढविते काळ, पण अंग वाढविते ते अन्न.

लॉख नेसच्या तळ्यातील शोध

स्कॉटलंडमधील लॉख नेस हा सरोवर सुमारे ३६ किलोमीटर लांब असून त्याची खोली २२० मीटरहून अधिक आहे. १९३३ पासून या सरोवरात एक अजस्र प्राणी राहत असल्याची वदंता जगभर पसरली. तो प्राणी म्हणजे फार मोठा अहीर असावा, असाही एक तर्क होता. २०१८ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील प्राध्यापक नील गेमेल यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी सरोवराच्या वेगवेगळ्या भागांतून व खोलींतून पाण्याचे सुमारे २५० नमुने घेतले. प्रत्येक जलचर आपल्या कातडीचे, मळाचे व श्लेष्म्याचे सूक्ष्म अंश पाण्यात सोडीत असतो. त्या अंशांतील डीएनए या वंशद्रव्यावरून पाण्यात कोणकोणते प्राणी आहेत हे ओळखता येते.

सप्टेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सरोवरात कोणत्याही प्रचंड सरीसृपाचा मागमूस नव्हता. शार्क किंवा स्टर्जन यांचाही नव्हता. अहिराचे अंश मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आढळले. वृत्तपत्रांनी ‘राक्षसी अहीर सापडला’ असा गाजावाजा केला. परंतु वंशद्रव्यावरून प्राण्याची जात कळते, त्याचा आकार कळत नाही, ही मर्यादा संशोधकांनी तेव्हाच स्पष्ट केली होती. शेतातील मातीच्या नमुन्यावरून पालाश किती हे कळते, पण शेताची लांबी कळत नाही, तसाच हा प्रकार. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष पकडलेल्या अहिरांच्या मापांवरून हिशेब मांडण्यात आला. त्यानुसार या सरोवरात एक मीटर लांबीचा अहीर सापडण्याची शक्यता सुमारे पन्नास हजारांत एक एवढीच ठरली. सहा मीटरच्या अहिराची शक्यता तर जवळपास शून्य. युरोपीय अहिराची सर्वांत मोठी विश्वसनीय नोंदही सव्वा मीटरच्या आसपासची आहे.

अशीच फसगत समुद्रातही एकदा झाली होती. १९३० च्या जानेवारीत ‘डाना’ या डॅनिश संशोधन-जहाजास दक्षिण आफ्रिकेजवळ सुमारे १.८ मीटर लांबीचा पर्णाकृती डिंभ सापडला. सामान्य अहिराचा डिंभ बोटभर असतो आणि त्यापासून पुरुषभर मासा होतो. मग या डिंभाचा प्रौढ मासा केवढा होईल, अशी गणिते मांडली जाऊन तीस मीटरच्या समुद्रसर्पाची स्वप्ने रंगली. १९७० च्या सुमारास या डिंभाची ओळख पटली. तो अहिराचा नसून खोल समुद्रातील एका निराळ्याच गणाचा होता, आणि त्या गणातील मासे डिंभावस्थेनंतर लांबीने फारसे वाढतच नाहीत. एका मापावरून दुसरे माप काढताना मूळ जात आधी पक्की करावी, हा धडा येथे मिळतो.

न्यूझीलंड : मोठ्या अहिरांचा खरा मुलूख

दंतकथा बाजूला सारून खरोखरीचे मोठे अहीर पाहावयाचे असल्यास न्यूझीलंडकडे वळावे लागते. तेथील लांबपरी अहीर हा गोड्या पाण्यातील अहिरांच्या सर्वांत मोठ्या जातींपैकी एक आहे. मादी दोन मीटरपर्यंत वाढते आणि पूर्वी सुमारे २५ किलोग्रॅम वजनाचे नमुनेही मिळत. ही वाढ अत्यंत सावकाश होते : वर्षाला १५ ते २५ मिलिमीटर. मादी समुद्राकडे निघते तेव्हा तिचे वय सरासरी ३४ वर्षांचे असते. थंड, उंचावरील तलावांत हा काळ याहून किती तरी अधिक असतो. दक्षिण बेटावरील रोटोइटी तलावातील एका मादीचे वय कर्णाश्मावरून १०६ वर्षे ठरले. म्हणजे पणजोबांच्या काळी तलावात शिरलेले पिल्लू पणतूच्या काळी प्रथमच वीण करण्यास निघते! एक मादी दहा लाखांपासून दोन कोटींपर्यंत अंडी वाहून नेते आणि उष्ण पॅसिफिक महासागरात, हजारो किलोमीटरवर, ती घालून मरते.

माओरी लोक अहिराला ‘टुना’ म्हणतात. तो त्यांच्या आहाराचा आधार होता. विणलेल्या सापळ्यांनी तो पकडला जाई, वाळवून साठविला जाई; परंतु डोहातील काही वृद्ध व प्रचंड अहिरांना ते त्या जागेचे रक्षक मानीत आणि त्यांना अभय देत. या श्रद्धेचा परिणाम व्यवहारात फार हितकर होता : विणीस निघणाऱ्या माद्या वाचत.

पुढे परिस्थिती पालटली. युरोपीय वसाहतवाल्यांनी नद्यांत ट्राउट मासे सोडले आणि ट्राउटचा शत्रू म्हणून अहिरांच्या सर्रास कत्तलीच्या मोहिमा हाती घेतल्या. १९६० च्या दशकात एका ओढ्यातील मोठे अहीर काढून टाकून परिणाम पाहण्यात आला, तेव्हा ट्राउटची संख्या वाढली, पण दाटी होऊन त्यांची वाढ खुंटली. मोठा अहीर हा लहान माशांची दाटी कमी करणारा, रानातील वाघासारखा नियामक असतो, हे त्यावरून दिसून आले. त्याच दशकात व्यापारी पकड सुरू झाली आणि १९७२ साली ती दोन हजार टनांवर गेली. पुढे कायद्याने २२० ग्रॅमहून हलके आणि ४ किलोग्रॅमहून जड अहीर व्यापारासाठी पकडण्यास बंदी झाली. लहानांना वाढू द्यावे हे तर सर्वच जाणतात. परंतु मोठ्यांनाही सोडावे, हा या नियमाचा विशेष होय. २०१३ साली तेथील संसदीय पर्यावरण आयुक्तांनी लांबपरी अहीर हळूहळू नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचा इशारा देऊन व्यापारी पकड स्थगित करण्याची शिफारस केली.

धरण आणि अहीर

अहिरावरील सर्वांत मोठे संकट जाळे नव्हे, भिंत आहे. पिल्लू धबधबा चढते, कारण धबधब्याच्या कडेला ओला, खडबडीत खडक असतो. धरणाची उंच, कोरडी, गुळगुळीत भिंत त्याला चढता येत नाही. आणि वर वाढलेली मादी खाली येऊ लागली म्हणजे तिला सांडव्याऐवजी वीजगृहाकडे जाणारा प्रवाह ओढून नेतो. लहान मासा टर्बाइनच्या पात्यांमधून कधी कधी वाचतो. मीटरभर लांबीची मादी वाचणे कठीण.

न्यूझीलंडमधील मानापौरी तलावाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या तलावाचे पाणी निसर्गतः वायाऊ नदीने दक्षिणेस समुद्राला मिळते. वीजनिर्मितीसाठी त्यातील बरेचसे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेच्या खाडीत सोडण्यात आले. नदीवरील बंधाऱ्यापाशी अडकणारी पिल्ले १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सापळ्यांत गोळा करून वरच्या तलावांत सोडली जातात, आणि समुद्राकडे निघालेले प्रौढ अहीर वर पकडून धरणाखाली आणून सोडण्याचा उपक्रमही चालतो. अन्यत्र बंधाऱ्याच्या कडेला कुंचल्याच्या केसांनी मढविलेला उतार बसवून त्यावरून पाण्याची बारीक धार सोडतात. ही ‘अहीरशिडी’ होय. तिचा खर्च बेताचा असून पिल्ले तिच्यावरून रात्रीतून वर चढतात.

युरोपात १९८० नंतर किनाऱ्याला येणाऱ्या काचपिल्लांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. तेथील अहीर २००८ साली अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. २००७ च्या युरोपीय नियमानुसार, मानवी अडथळे नसते तर जेवढे रुपेरी अहीर समुद्रास मिळाले असते, त्यांच्या वजनाच्या निदान ४० टक्के तरी मिळाले पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले आहे.

आपल्या नद्यांचा विचार

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या वाटेवर विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी असे एकामागून एक अडसर आहेत. समुद्रातून निघालेल्या पिल्लास सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचण्यासाठी ही सर्व दारे ओलांडावी लागतात. म्हणूनच घाटमाथ्याच्या डोहात सापडलेला मोठा अहीर हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. कदाचित तो वाट मोकळी असताना वर आलेल्या पिढीचा शिलेदार असेल. कोकणातील सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्या आखूड असून थेट अरबी समुद्रास मिळतात. तेथे समुद्र ते डोह हे अंतर थोडे, म्हणून तेथील वाटा मोकळ्या ठेवणे अधिक शक्य आणि अधिक फलदायी आहे.

मानापौरीची गोष्ट महाराष्ट्रातील वाचकास परकी वाटू नये. कोयनेचे पाणीही निसर्गतः पूर्वेस कृष्णेला मिळते; वीजनिर्मितीसाठी ते सह्याद्री पोखरून पश्चिमेस वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरविले आहे. वीज आणि पाणी यांची गरज निर्विवाद आहे. परंतु पाण्याची वाट बदलली म्हणजे त्या पाण्यावर जगणाऱ्यांची वाटही बदलते, याचे भान ठेवून योजना आखणे हेच शहाणपणाचे होय.

अभय देण्याची परंपराही आपल्याकडे आहे. रायगड जिल्ह्यात महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहातील मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावीत नाही. तेथील महसीर मासे याच श्रद्धेने टिकले. माओरी लोकांच्या डोहात अहिरांना जे संरक्षण लाभले, तेच येथे महसीरांना लाभले.

गावकऱ्यांनी काय करावे

१. पाण्यात लांब, सापासारखा प्राणी आढळल्यास प्रथम वक्षपर व कल्ले पाहावेत. अहीर विषारी दंश करीत नाही. मोठ्या अहिराचे जबडे मात्र बळकट असतात. तोंडाजवळ बोटे नेऊ नयेत.

२. मोठा अहीर जाळ्यात सापडल्यास शक्यतो जिवंत सोडावा. ओल्या गोणपाटात धरल्यास तो निसटत नाही व त्याच्या अंगावरील श्लेष्म्याचा थरही टिकतो. धरणाखालच्या वाहत्या पाण्यात सोडता आला तर अधिक चांगले.

३. सोडण्यापूर्वी लांबी दोरीने मोजावी, वजन करावे, छायाचित्र घ्यावे आणि स्थळ व तारीख यांसह नोंद मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयास कळवावी. ‘दोन पुरुष लांब’ अशा ऐकीव मापापेक्षा गाठ मारलेली दोरी अधिक विश्वसनीय.

४. खाण्यासाठी लहान अहीर घेतल्यास त्याचे कच्चे रक्त डोळ्यांत किंवा जखमेत जाऊ देऊ नये. त्यात विषारी द्रव्य असते. मांस नीट शिजविल्यावर ते निष्प्रभ होते.

५. ज्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज वाढवावयाचे असेल, त्या संगोपन-तळ्यात अहीर राहू देऊ नये. तो बीज फस्त करतो. बीज सोडण्यापूर्वी तळे कोरडे करून तपासावे आणि सापडलेला अहीर नदीत सोडावा. मोठ्या जलाशयात मात्र अहिराच्या भीतीने त्यास मारण्याचे प्रयोजन नाही. तेथे आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली सोडल्यास हानी कमी होते.

६. अहिराचे बीज कार्प माशांप्रमाणे उबवणी केंद्रात तयार होत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २०१० साली अहिराचे संपूर्ण जीवनचक्र बंदिस्त अवस्थेत पुरे करून दाखविले; परंतु जगभरच्या अहीर-शेतीचा आधार अद्याप समुद्रातून येणारी नैसर्गिक पिल्लेच आहेत. म्हणून नदीतील पिल्ले संपली म्हणजे धंदाही संपला.

७. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी वेळेवर काढावेत. त्यामुळे बंधाऱ्याचे पुरापासून रक्षण होते आणि माशांची वाटही मोकळी होते. पहिल्या पुरात ओढ्याच्या संपूर्ण रुंदीवर जाळी किंवा अडसर बांधू नयेत. निदान एक बाजू मोकळी सोडावी.

८. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनच गुन्हा आहे. एका स्फोटात डोहातील लहानमोठे सर्वच जीव मरतात आणि तो डोह कित्येक वर्षे ओस पडतो.

समारोप

शेतकरी बियाण्याचे दाणे निवडताना सर्वांत भरदार कणसे बाजूला काढून ठेवतो. घरात धान्याची टंचाई असली तरी त्या कणसांना हात लावीत नाही. तलावातील मोठा अहीर हे नदीचे असेच राखून ठेवलेले बियाणे आहे. फरक एवढाच की हे कणीस भरण्यास चार महिने नव्हेत, तर कित्येक वर्षे, कधी कधी माणसाचे सारे आयुष्य लागते. गावकऱ्यांच्या एका काठीने ते क्षणार्धात नष्ट होते. त्यांच्याच ओल्या गोणपाटाने ते समुद्रापर्यंतच्या प्रवासास पुन्हा निघू शकते. यंदाच्या पावसाळ्यात डोहाच्या काठी गर्दी जमेल तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्या गर्दीत सर्वांत पुढे व्हावे, वक्षपर दाखवून हा मासा आहे हे पटवून द्यावे, आणि माप घेऊन त्याला पाण्याची वाट दाखवावी. सुशिक्षित गावाची ओळख अशाच लहानसहान प्रसंगांतून पटत असते.